हातातला भाडेकरू

आमच्या घरमालकीण काकू खोली दाखवायच्या आधी हात दाखवायच्या.

मी आणि आई मौद्याहून पहिल्यांदा नागपुरात सक्करदऱ्याला खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थांबवलं आणि उजवा हात पुढे केला. मनगटाच्या वरच्या बाजूने, बोटांच्या मुळांपासून कोपराच्या दिशेने चांगला वीतभर, एक सरळ व्रण होता. व्रणाखाली काहीतरी लांबट, उंच दिसत होतं. चादरीखाली फूटपट्टी राहून जावी तसं.

"बोट लावून पाह्य," त्या आईला म्हणाल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग घाबरत बोट लावलं.

"लागलं कडक?"

"हाव."

"प्लेट आहे. हाडात स्क्रू पिळून बसवली. हाडाले भोकं पाडल्यावर काय होते ते मले विचार. म्हणून आधीच सांगून ठेवते, माह्या घरात भिंतीले खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडरसाठी नाही, आरशासाठी नाही, बुद्धाच्या फोटोसाठीबी नाही. फोटो टेबलावर ठेवायचा. तिथूनबी त्यायले सगळं दिसते."

मग खोली दाखवली. खोली साधी होती, पण भिंती मी तोवर पाहिलेल्या कोणत्याही घरापेक्षा स्वच्छ होत्या. एकही भोक नव्हतं. आई परतताना बसमध्ये म्हणाली, "बाई विचित्र आहे, पण राह्य तिथंच. जिले भिंतीचं दुखते, ते तुलेबी पाहीन."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. बाबा मौद्याच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे राखेच्या कामावर होते. मला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तेव्हा हा शब्द घरात कोणालाच नीट म्हणता येत नव्हता. खरं तर मलाही नाही. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं आणि मी बहुतेक वेळ गप्प असायचे. त्यामुळे काकूंच्या हाताकडे मी सुरुवातीला अभ्यास म्हणून पाहिलंच नाही. मला तो हात फक्त त्यांचा एक स्वभाव वाटायचा.

काकू लांबरोट्या करायच्या. ही रोटी बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली चूल, चुलीवर मोठं मडकं उलटं ठेवलेलं. गव्हाचं पीठ इतकं सैल भिजवायचं आणि इतकं आपटायचं की ते रबरासारखं ताणलं पाहिजे. मग त्याचा गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, बोटं पसरलेली, आणि या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत तो लांबवत न्यायचा. पीठ कोपरापर्यंत ओघळतं, ओढणीसारखं पातळ होतं, आणि मग एका झटक्यात ते तापलेल्या मडक्यावर पालथं पडतं. तो झटका मनगटाचा. लग्नाच्या आणि तेरवीच्या ऑर्डरी काकूंकडे लांबून यायच्या. मटणाचा रस्सा कोणीही करो, रोट्या काकूंच्या, असं त्या भागात ठरलेलं होतं.

उतरवलेली प्रत्येक रोटी त्या दोन्ही हातांनी धरून उजेडापुढे उभी करायच्या, दुकानात साडीचा पोत बघतात तशी. भोक दिसलं की ती रोटी गिऱ्हाइकाला जात नसे, आम्हा मुलींनाही मिळत नसे. ती त्या स्वतः खायच्या. "भोकाची रोटी करणाऱ्याची," असं त्यांचं म्हणणं. अशी रोटी क्वचितच निघायची. त्यामुळे काकू बऱ्याचदा शिळा भात खाताना दिसायच्या.

मनगट कसं गेलं हे त्या प्रत्येक नव्या मुलीला एकदा सांगायच्या. त्यांचे यजमान कोराडीच्या वीज केंद्रात होते, तेव्हा ते तिथल्या कॉलनीत राहायचे. यजमानांच्या मागे लुनावर बसून येताना रस्त्यावरच्या ओल्या राखेत चाक घसरलं आणि काकू तळहातावर पडल्या. मुरगळलं असेल म्हणून तेल लावून चोळलं. आतलं एक लहानसं हाड मोडलं होतं, ते कोणाला कळलंच नाही, आणि ते कधी जुळलंही नाही. तशाच हाताने त्यांनी कितीतरी वर्षं रोट्या झुलवल्या. यजमान गेले, सक्करदऱ्याच्या घरावर वरचा मजला चढला, मुली भाड्याने राहायला आल्या, आणि मनगट आतून झिजत झिजत शेवटी चहाचा कपसुद्धा उचलेना.

डॉक्टरांनी सांगितलं की आता मनगटाचा सांधाच कायमचा जोडून टाकू. कमरेचं थोडं हाड काढून मधे भरू, वरून प्लेट बसवू. दुखणं जाईल, पण मनगट पुन्हा वाकणार नाही.

यावर काकूंनी जे केलं ते त्या स्वतः सांगायच्या. मला आधी ते खरं वाटलं नव्हतं. पुढच्या तपासणीला त्या स्टीलच्या डब्यात भिजवलेलं पीठ घेऊन गेल्या.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

"पीठ."

"इथे?"

"तुम्ही म्हणता मनगट एकाच जागी पक्कं होईन. मंग कोणत्या जागी पायजे, ते दाखवते. नीट पाहून घ्या."

आणि त्यांनी उभं राहून गोळा हातावर घेतला. दुखत होतंच, तरी झुलवला. पीठ लांबत लांबत डॉक्टरांच्या टेबलावरच्या एक्स-रेवर आलं. दारातून बाकीचे पेशंट डोकावू लागले. डॉक्टरांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "काकू, या प्लेटला बाक कंपनीतूनच दिलेला असतो. हात किंचित वर. मूठ घट्ट आवळायला तीच जागा बरी पडते."

"म्हणजे रेडिमेड ब्लाउज."

"तसंच समजा."

"मापाचं शिवून नाही देत?"

"हाताच्या मापाचं मिळतं. कामाच्या मापाचं मिळत नाही."

हे शेवटचं वाक्य काकू डॉक्टरांच्या आवाजात म्हणून दाखवायच्या. मग मी विचारलं, "त्या पिठाचं काय केलं?"

"घरी आणलं, रोट्या केल्या. फेकते का?"

मी राहायला गेले तोवर ऑपरेशनला बराच काळ झाला होता आणि काकू पुन्हा रोट्या करत होत्या. मनगट नाही तर खांदा, असं त्यांनी ठरवलं होतं. आधी ओला टॉवेल हातांवर झुलवून सवय केली, मग पीठ. आता त्यांचा झटका खांद्यापासून यायचा, अख्खा हात नांगराच्या दांड्यासारखा फिरायचा आणि रोटी मडक्यावर बरोबर पडायची. एकदा हळूच मला म्हणाल्या, "डॉक्टरचा कोन बरोबर निघाला. मूठ पक्की बसते. पण सांगू नको त्याले."

घरात आम्ही वर राहणाऱ्या सगळ्या 'पोट्ट्या' होतो. 'भाडेकरू' म्हणजे फक्त ती प्लेट. "भाडेकरू आज ठणकून राहिला." "भाडेकरूले थंडी वाजते." नागपूरच्या थंडीत पहाटे ती प्लेट खरंच गार पडायची आणि मनगट आतून दुखायचं. मग काकू कोणाच्या तरी लहान पोराचा लोकरी मोजा पंजाकडून कापून मनगटावर चढवायच्या. निळ्या मोज्यावर पिवळं बदक होतं. त्या बदकासकट त्या लग्नघरी ऑर्डर पोचवायला जायच्या.

विहारात वंदनेला बसल्या की त्यांचे जोडलेले हात सरळ राहत नसत. न वाकणारं मनगट एका बाजूने ढकलायचं आणि हात डावीकडे कलायचे. पुढे बसलेली लहान मुलं त्यांच्याकडे बघून हात तसेच वाकडे जोडायची. कोणाच्या आईने पोराला चापट मारली, तर काकू म्हणाल्या, "मारू नको वं. तिकडून जोडले तरी पोचते."

मेट्रो नवी होती तेव्हा त्यांना घेऊन मी एकदा सीताबर्डीला गेले. काकूंची सगळी तयारी स्टेशनातल्या, धातू असला की वाजणाऱ्या तपासणीच्या दारासाठी होती. यंत्राजवळ पोचायच्या आधीच त्यांनी तिथल्या मुलाला बाही वर करून दाखवली. "हे पाह्य गा, हातात लोखंड आहे माह्या. वाजन. घाबरू नको."

त्या दारातून गेल्या. काही वाजलं नाही.

"चला आजी," तो मुलगा म्हणाला.

"वाजलं नाही?"

"नाही वाजलं. चला."

"थांब." त्या मागे आल्या, हात उंच धरून परत गेल्या. यंत्र गप्पच. मागे रांग वाढत होती. "तुह्यी मशीन बिघडली," काकूंनी त्याला सांगितलं. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "इतके स्क्रू ठोकले, अन् कोणाले पत्ता नाही."

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तो भाडेकरू बोलू लागला. बोटं उघडमीट करताना काकूंच्या हाताच्या पाठीतून बारीक आवाज यायचा, नव्या चपलेचा यावा तसा. व्रणाजवळ थोडी सूजही होती. काकू हे कौतुकाने ऐकवायच्या. "कान लाव. आला का?"

मी कान लावला. आवाज आला. त्याच सुमाराला वर्गात सरांनी जाता जाता सांगितलं होतं की मनगटाच्या पाठीवर प्लेट असली तर बोटं उचलणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, तिच्यावर घासू शकतात आणि घासत घासत एखादी तुटूही शकते. मी ते वाक्य वहीत उतरवलं होतं, आणि उतरवताना मला बदकाचा मोजा दिसला होता.

"काकू, हे डॉक्टरांना दाखवायला पाहिजे," मी म्हणाले. "हाड जुळलं असेल तर ते प्लेट काढूनही टाकतात."

"काहून? त्यानं काय केलं?"

"आत घासून राहिली ती."

"मी कोणाले मधेच काढत नाही," काकू म्हणाल्या. हे खरं होतं. एक मुलगी परीक्षेत नापास होऊन खोलीतच बसून राहिली होती, तिलाही त्यांनी वर्षभर काढलं नव्हतं. "लगीनसराई सरू दे. मंग पाहू त्याचं."

मी दोन-तीनदा पुन्हा म्हणाले. माझ्या आवाजात तेवढा जोर नसावा. त्या ऐकून घ्यायच्या आणि पीठ आपटायला बसायच्या.

मग रोट्यांना भोकं पडू लागली.

आधी एखादी. मग रोज चार-पाच. काकू उजेडापुढे रोटी धरायच्या, भोकातून टिनाखालचा दिवा दिसायचा, आणि ती रोटी त्यांच्या ताटात जायची. त्या आठवड्यात त्यांनी जितक्या रोट्या खाल्ल्या तितक्या मी त्यांना कधी खाताना पाहिल्या नव्हत्या. ऑर्डरीसाठी पीठ कमी पडू लागलं. एका लग्नाच्या घरी तर त्यांनी अर्ध्या रोट्या देऊन उरलेल्यांसाठी दुसरीकडे सांगा म्हणून निरोप पाठवला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या दिवशी त्या चूल विझल्यावरही मडक्यासमोर बसून होत्या.

दोष त्यांनी पिठाला दिला. गहू बदलला, पीठ बारीक चाळणीने चाळलं, पाणी बदललं. शेवटी राहिला चक्कीवाला. हा म्हातारा चक्कीवाला आणि काकू यांची भांडणं जुनीच होती, पण ती बहुधा कोणाचा डबा आधी यावरून. या वेळी काकूंनी भोकाची रोटी पेपरमध्ये घडी घालून पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "चाल वं. तू शिकलेली आहेस. साक्षीदार म्हणून उभी राह्य."

चक्कीवर गर्दी नव्हती. काकूंनी फळीवर रोटी पसरली.

"हे काय दळलं गा?"

"गहू दळला. तुमचाच होता."

"पाटा गरम झाला असन तुह्या चक्कीचा. पीठ जळलं आतून. पाह्य, कशी भोकं पडून राहिली."

"बाई, साऱ्या सक्करदऱ्याचं पीठ ह्याच पाट्यावर दळून राहिलो मी. कोणाच्या पोळीले भोक नाही. तुमच्याच कसं?"

"कारण त्या लाटतात. माह्यी झुलते. झुलणाऱ्या पिठाले सगळं समजते."

"मंग पिठालेच विचारा."

काकूंना राग आला. त्यांनी दोन्ही तळवे फळीवर टेकवले आणि पुढे झुकल्या. फळीवर पिठाचा थर होता. रागात असल्या की त्या बोटांनी टपटप करायच्या, तशी आताही करत होत्या. मी त्यांच्याकडे नाही, रोटीकडे पाहत होते. सगळी भोकं सारखी होती, गोल, फाटलेली नव्हेत. कोणीतरी खालून टोचावं तशी. आणि मग माझी नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. चार बोटं उठून पडत होती. मधलं बोट पिठात तसंच पडून होतं.

मनात मी सरांचं वाक्य परत वाचलं. मग म्हणाले, "काकू, हात तसाच ठेवा. फक्त हे मधलं बोट उचला."

"आता ह्याचं काय?"

"उचलून दाखवा फक्त."

काकूंनी उचललं. म्हणजे त्यांनी उचलायचं ठरवलं. बाकीची बोटं थोडी हलली. मधलं हललं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, ओठ आवळून. मग डाव्या हाताने ते बोट वर केलं आणि सोडलं. ते पिठात पडलं, आणि पिठाचा छोटा धूर उडाला.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या. "दुखलंच नाही कधी."

"झुलवताना ते सरळ राहत नाही, काकू. वाकतं आणि खालून पीठ टोचतं."

चक्कीवाल्याने पट्टा बंद केला. आवाज थांबल्यावर सगळीकडे एकदम मोकळं वाटलं. तो जिंकला होता. आतून स्टूल आणून त्याने काकूंच्या मागे ठेवलं. काकू बसल्या नाहीत. त्यांनी रोटीची घडी घातली, पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "चाल."

दवाखान्यात डॉक्टरांनी काय झालं विचारलं, तेव्हा काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "ही सांगन. हिले सापडलं." मी तोवर कोणत्याही डॉक्टरांसमोर तोंड उघडलं नव्हतं. मी मराठीतच सांगितलं, आवाज कधीपासून, सूज कुठे, भोकं कशी. डॉक्टरांनी मधे तोडलं नाही. एक्स-रेवर त्यांनी आम्हाला दाखवलं. हाड छान जुळलं होतं. पण प्लेटचा एक स्क्रू मागे सरकून डोकं वर काढून बसला होता, आणि मधल्या बोटाची दोरी रोज त्या डोक्यावरून जात होती.

"म्हणजे खिळा उपटला," काकू म्हणाल्या.

"हो. आता प्लेट काढू. हाडाला तिची गरज राहिली नाही. आणि तुटलेली दोरी शेजारच्या बोटाच्या दोरीला शिवून देऊ. दोन्ही बोटं मग सोबत उठतील."

"शेजाऱ्याच्या भरवशावर?"

"हो."

काकूंनी बराच वेळ एक्स-रे पाहिला. मग विचारलं, "रोटी?"

डॉक्टरांना डब्यातलं पीठ आठवत असावं. "बहुतेक जमेल," ते म्हणाले. "पण खात्री देत नाही. उशीर थोडा झाला आहे."

वाटेत काकू रिक्षात एवढंच म्हणाल्या, "मी त्याले मधेच काढत नव्हती. अन् तो माह्या घरचा माणूस तोडून बसला."

प्लेट निघाली. ती परत मागायला काकू विसरल्या नाहीत. दवाखान्यातून त्यांनी ती बाटलीत घालून घरी आणली. त्यानंतरचे महिने त्यांच्यासाठी फार कठीण गेले असावेत, कारण त्यांना हातावर भार द्यायचा नव्हता. सुरुवातीला हाताला पट्टा, मग बोटांचे व्यायाम, आणि पीठ आपटणं पूर्ण बंद. त्या डॉक्टरांचं ऐकेनात तेव्हा मी एकदा त्यांच्या खाटेजवळ बसले.

"काकू, भिंतीतला खिळा काढल्यावर भोकात पुट्टी भरता. मग लगेच त्याच जागी काही ठोकता का?"

"वाळू द्या लागते."

"हाडात आता स्क्रूंची भोकं आहेत. पुट्टी शरीर स्वतःच भरतं, पण वेळ लागतो. तोवर जोर दिला तर तिथूनच मोडेल."

त्यांनी विचार केला. "तुह्या पुस्तकात आहे हे?"

"आहे."

"इंग्रजीत?"

"हो."

"मंग खरं असन." आणि त्यांनी खरंच ऐकलं.

त्या दिवसांत पीठ आम्ही मुली आपटायचो आणि काकू स्टुलावर बसून आम्हाला बोल लावायच्या. "बाळाले थोपटून राहिली का वं? आपट. त्यानं तुह्यं काय वाकडं केलं नाही, तरी आपट." रोज सकाळी मी त्यांचा हात टेबलावर ठेवून बोटं उचलून घ्यायचे. आधी काहीच नाही. मग अनामिका उठायची आणि तिच्यासोबत मधलं थोडंसं, झोपेतून कोणी दुसऱ्याचा हात धरून उठावं तसं. एके सकाळी दोन्ही सोबत नीट उठली. काकूंनी ती खाली ठेवली, परत उचलली. "पाह्य नं," त्या म्हणाल्या. "दोघंबी एकाच वेळी उठतात. नवराबायकोलेबी जमत नाही हे." पण पिठाला त्यांनी तरीही हात लावला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी नाही. रोज काहीतरी कारण निघायचं. लाकडं ओली आहेत, मडकं जुनं झालं आहे. मला कळत होतं की त्यांना भीती वाटते.

खोली सोडणाऱ्या प्रत्येक मुलीला काकू स्वतःच्या हातची लांबरोटी खाऊ घालून पाठवायच्या, आई-वडिलांना बोलावून. माझं शेवटचं वर्ष संपलं तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं की या वेळी राहू द्या, आपण बाहेरून मागवू. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आईला बोलावून घेतलं.

आई मौद्याहून आली. बाबांना सुट्टी मिळाली नाही. काकूंनी आधी वर जाऊन माझी खोली तपासली, प्रत्येक मुलीची तपासायच्या तशी. चारही भिंतींवरून हात फिरवत गेल्या. पूर्वी त्या बोटांच्या टोकांनी चाचपायच्या, आता मधली दोन बोटं जोडीने चालत होती. "भोक नाही," त्या आईला म्हणाल्या. "चांगली पोट्टी आहे."

मग अंगणात चूल पेटली. पीठ मी आपटलं होतं. काकूंनी गोळा घेतला, थोडा वेळ नुसता हातावर धरून ठेवला आणि मग झुलवला. खांद्यातून झटका दिला. रोटी मडक्यावर पडली, पण जरा तिरपी. उतरवल्यावर त्यांनी ती स्वतः पाहिली नाही, माझ्या हातात दिली. "तू पाह्य. तुह्या नजरेले दिसते."

मी उजेडापुढे धरली. एक भोक होतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आहे," मी म्हणाले.

"ठेव माह्या ताटात."

दुसरीलाही होतं, लहानसं. तीही त्यांच्या ताटात गेली. आईने मला डोळ्यांनी खुणावलं की पुरे कर आता, कशाला बाईला. मी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्या रोटीला काकूंनी हात थोडा खाली घेतला, झुलवण्याचा वेग कमी केला. दोन्ही बोटं सरळ पसरलेली मला दिसत होती. पीठ त्यांच्या कोपरापर्यंत आलं आणि मडक्यावर गेलं. मी ती रोटी उजेडापुढे धरली, फिरवली, कडेपासून कडेपर्यंत पाहिली.

"काय पाहून राहिली इतका वेळ?"

"नाही आहे, काकू."

"नीट पाह्य."

"नाही आहे."

मला वाटलं ती आईला देतील. काकूंनी ती हळूच घडी घालून केळीच्या पानावर ठेवली. "गरम आहे तोवर चक्कीवर देऊन ये," त्या म्हणाल्या. "काही सांगू नको. नुसती दे."

मी गेले. चक्कीवाल्याने हात पुसले, पान उघडलं, रोटी दोन्ही हातांनी धरली आणि दारातल्या उन्हापुढे उभी केली. अगदी काकूंसारखी. बराच वेळ बघत होता.

"बोट उठते आता?"

"दोन उठतात. सोबत."

त्याने मान हलवली आणि रोटी परत घडी घातली. "म्हणजे पीठ चांगलं होतं," तो म्हणाला.

मी परत आले तेव्हा आईच्या ताटात रोटी पडली होती आणि काकू पिठाची परात खरडत होत्या. हातात बाटलीतली ती प्लेट होती. तिचा बाक परातीच्या गोलाईला बरोबर बसत होता आणि चिकटलेलं पीठ सुटून येत होतं.

"इतके दिवस फुकट राहिला," काकू आईला सांगत होत्या. "आता करू दे काम." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, पीठ चांगलं होतं."

काकूंनी परात फिरवून उरलेली बाजू खरडली.

"म्हणू दे," त्या म्हणाल्या. "चांगलंच होतं."